मुदत संपल्याचं पत्र

१

दारात उभ्या राहिलेल्या माणसाने डाव्या डोळ्यावर रुमाल गच्च दाबून धरला होता. दुसऱ्या हाताची मूठ त्याने दादांसमोर उघडली. तळहातावर एक डोळा होता.

“हा तुम्हीच पाठवलात ना?” रागापेक्षा दुखण्यानेच त्याचा आवाज कापत होता. “तुमच्या पत्त्यावर मेल केली, तुमच्याच पत्त्यावरून उत्तर आलं. पार्सल आलं, बसवला. आता हे बघा.”

त्याने रुमाल काढला. खोबण सुजून लालभडक झाली होती.

खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेल्या घारीने एकदाच बघितलं आणि नकळत स्वतःच्या उजव्या डोळ्यावर हात नेला. तोही रिकामाच होता. कॉलेजात असताना एका अपघातात तिचा डोळा गेला आणि कृत्रिम डोळे बनवणाऱ्या दादांनी तिला नवा करून दिला, तेव्हापासून वर्षातून एकदा ती तो पॉलिश करून घ्यायला इथे येत असे. डोळे घारे म्हणून लहानपणी घरच्यांनी ठेवलेलं नाव पुढे बँकेच्या फसवणूक तपास विभागात वेगळ्याच अर्थाने चिकटलं, कारण कागदांवरून घिरट्या घालत ती नेमकी उंदरावरच उतरायची. आता बँक सोडून ती स्वतःच अशी प्रकरणं घ्यायची.

दादांनी तो डोळा उजेडात धरला. त्यांचा हात थरथरत होता, तो हल्ली नेहमीच थरथरे. “हा आमचा नाही,” ते म्हणाले. “शिरा छापलेल्या आहेत. आम्ही रेशमाचा तंतू लावतो. एकेक डोळा माप घेऊन करतो. असा डब्यातून काढून कुणाला पाठवत नाही.”

“मग तुमच्या नावाने कोण पाठवतंय?”

आतून दादांचा जावई धावत आला. हातात फोन, चेहरा पांढराफटक. “दादा, आपली वेबसाइट उघडा. वर आपलंच ‘नेत्रालय’, तुमचा फोटोही तोच. पण खाली ‘तयार डोळे, घरपोच’ लिहिलंय आणि फोन नंबर भलताच आहे. गेला आठवडाभर आपल्याला एकही मेल आलेली नाही. मला वाटलं, गिऱ्हाईकच थंड आहे.”

कुणी काही बोलायच्या आत कोपऱ्यातल्या टेबलामागून हिशेब बघणाऱ्या मावशी उठल्या. नेत्रालय सुरू झालं तेव्हापासून त्या तिथे होत्या. त्यांच्या हातात एक कागद फडफडत होता.

“दादा,” त्या म्हणाल्या, “माझ्याच हातून झालंय हे.”

२

पत्र दिसायला अगदी सरकारी थाटाचं. वर ठळक अक्षरात ‘शेवटची सूचना’. खाली मजकूर: नेत्रालयाच्या डोमेनची, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याची, मुदत संपत आली आहे, ताबडतोब नूतनीकरण न केल्यास नाव कायमचं जाईल. आणि सगळ्यात तळाला, मुंगीच्या पावलांएवढ्या बारीक अक्षरात एक वाक्य: सही करणाऱ्याची हे नाव आमच्याकडे हस्तांतरित करण्यास संमती आहे.

“खालचा भाग भरून, सही करून फाडून पाठवायचा होता,” मावशी म्हणाल्या. “विजेचं बिल भरते, पाण्याचं भरते, तसंच हे. ते बारीक अक्षर मी वाचलंच नाही.”

“वाचलं नाही!” जावई कडाडला. “माणसाच्या डोळ्याचं काम आहे इथे, आणि तुम्ही न वाचता सह्या करता? घरी जा तुम्ही. आत्ताच्या आत्ता. पुढचं पुढे बघू.”

मावशींनी टेबलावरचा चष्मा पर्समध्ये टाकला, पर्स खांद्याला लावली आणि कुणाकडे न बघता जिन्याकडे वळल्या. दादा तोंड उघडणार, तेवढ्यात फोन वाजला.

फोन इस्पितळातून होता. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर इतक्या जोरात बोलत होते की घारीला खुर्चीपर्यंत ऐकू आलं. “दादा, डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं? गेल्या आठवड्यात ज्या पोराचा डोळा काढला, त्याला आज दुपारी बोलावलंत? जखम ओली आहे! आत्ता काही बसवलं तर पू होईल, ताप डोक्यात जाईल.”

“मी कुणालाच बोलावलं नाही!”

“त्याच्या आईला तुमची मेल आली आहे. सकाळी बसमध्ये चढताना तिने नर्सला आनंदाने सांगितलं. त्यानंतर तिचा फोन बंद आहे. कुठे बोलावलंय तेही तिने सांगितलं नाही.”

जावयाने पोलिसांना फोन लावला. पलीकडच्या हवालदाराने सगळं नीट ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, “गाडी पाठवतो. पण कुठे पाठवू?”

“कळवतो,” म्हणून जावयाने फोन ठेवला.

दादांनी घारीकडे बघितलं. “पोरी, तुझं हेच काम आहे ना?”

घारी उठली. “दुपार व्हायला वेळ आहे. कुणी बाहेर जाऊ नका. मावशी, तुम्हीसुद्धा. दोन मिनिटं जिन्यात बसा, मला तुमच्याशी आधी बोलायचं आहे.”

३

जिन्याच्या पायरीवर मावशी ताठ बसल्या होत्या. रडत नव्हत्या, आणि घारीला तेच जास्त लागलं.

“पत्र आलं कसं?”

“सकाळच्या टपालात माझ्या टेबलावर होतं. जावईबापूंना विचारलं, भरू का? म्हणाले, भरून टाका, मला कशाला विचारता.”

“हे ते आता सांगत नाहीत.”

“कशाला सांगतील?” मावशी कोरडं हसल्या.

“पत्र बघून संशय आला नाही?”

“नाही हो. कोपऱ्यात ते पिवळसर कडं होतं ना, मला वाटलं त्यांचा शिक्काच आहे, नीट उमटला नाही. उलट त्यामुळे खरं वाटलं.”

जावई फोनवरून फोन करत येरझाऱ्या घालत होता. घारीने विचारल्यावर त्याने कबूल केलं, हो, मीच ‘भरून टाका’ म्हटलं. “पत्र धड बघितलंसुद्धा नाही. कोपऱ्यात चहाचा डाग होता, म्हटलं मावशींनी कप ठेवला असेल. आणि तुम्ही मनात काय म्हणताय ते कळतंय मला. तयार डोळ्यांचा तो व्यापारी मागे नाव विकत घ्यायला आला होता, आणि देऊन टाका म्हणणारा मीच होतो. पण दादा नाही म्हणाले, विषय संपला. घरात बसून घर फोडणारा माणूस नाही मी.”

दादांचा भाचा बंडू हाकेसरशी आला. वेबसाइट त्याने कॉलेजात असताना करून दिली होती, आणि अजून तोच ती सांभाळत होता. येताच त्याने डोक्याला हात लावला.

“या सहीने काहीच होत नाही,” तो म्हणाला. “अशी पत्रं जगभर येतात. मुदतीची भीती घालून नाव आपल्याकडे ओढायचं, मग दरवर्षी चौपट पैसे उकळायचे. पण नाव खरोखर हलवायला तीन गोष्टी लागतात. आपल्या खात्यातलं कुलूप उघडावं लागतं. तिथून एक गुप्त कोड काढून द्यावा लागतो. आणि मालकाच्या, म्हणजे मामांच्या, मेलवर विचारणा येते, तिथे ‘हो’ दाबावं लागतं.”

“पत्राच्या खालच्या भागात काय भरायचं होतं?”

“नाव, पत्ता, सही,” जिन्यातून मावशींनीच उत्तर दिलं.

“म्हणजे कोड मागितलेलाच नाही,” घारी म्हणाली. “मग पत्र कशाला पाठवलं?”

बंडूने खांदे उडवले. “भिकार धंदा तो. लोगोसुद्धा धड छापता आला नाही, नुसतं पिवळं वर्तुळ.”

“दादांची मेल कोणकोण उघडू शकतं?”

“ऑफिसच्या संगणकावर ती कायम उघडीच असते. मामांना वाचायला त्रास होतो, म्हणून ताईच वाचून दाखवते. पण टेबलापाशी बसेल तो कुणीही उघडेल. मी, जावईबापू, मावशी. आणि मेल उघडली की खात्याचा पासवर्डही तिथूनच बदलता येतो.”

ताई म्हणजे दादांची एकुलती मुलगी. दादांचा हात थरथरायला लागल्यापासून इथला प्रत्येक डोळा तीच रंगवत होती. आतल्या खोलीत उत्तरेच्या खिडकीखाली ती ब्रश न उचलता नुसती बसून होती. डोळे रडून सुजले होते.

“सकाळपासून त्या पोराचंच मनात येतंय,” ती म्हणाली. “सगळं जाऊ दे, पण ते पोर.”

“पत्र तू बघितलं होतंस?”

“मावशींच्या टेबलावर बघितलं. साधा पांढरा कागद. वर ‘शेवटची सूचना’, खाली सहीची जागा.”

“आणखी काही? खूण, शिक्का?”

ताईने क्षणभर आठवून बघितलं. “नाही. बाकी कागद कोरा होता.”

घारी पुढचं विचारणार, तोच शेजारच्या खोलीतून दादांनी हाक मारली. त्यांच्या आवाजात काहीतरी विचित्र होतं.

४

दादा कामाच्या मेजापाशी उभे होते. हातात घारीचा पॉलिश केलेला डोळा, आणि नजर मेजावरच्या कागदांच्या गठ्ठ्यावर.

“हे बघ,” ते म्हणाले. “असली पत्रं कैक वर्षं येतात, टपालातून मीच उचलतो. मी हसतो आणि मागची कोरी बाजू रंग बघायला वापरतो. ब्रश टेकवायचा, बुबुळाचं कडं काढून बघायचं, जमलं की मग डोळ्यावर. आताही ताई यांच्यावरच रंग बघते. मी ओळखायला हवं होतं. मावशींनी मला विचारलं असतं तर मी तिथल्या तिथे फाडलं असतं.”

घारीने गठ्ठा ओढून घेतला. प्रत्येक कागदाच्या मागे रंगीत कडी होती, तपकिरी, राखाडी, हिरवी, जणू कुणी डोळ्यांची माळ ओवत होतं. कागद उलटले की तोच धमकीचा मजकूर, तीच मुदत, तेच ‘ताबडतोब’. तिने एक वाचलं, दुसरं वाचलं, तिसरं वाचलं. मग पहिलं पुन्हा हातात घेतलं.

“दादा, हे ‘मेत्रालय’ काय आहे?”

दादांना एवढ्यातही हसू आलं. “बंड्याचा पराक्रम. नाव नोंदवताना एका अक्षराऐवजी शेजारचं दाबलं. मालकाच्या रकान्यात तेव्हापासून आम्ही मेत्रालयच आहोत. कुणी दुरुस्त केलं नाही.”

“बंडू!” घारीने हाक मारली. “ही पत्रं पाठवणारे नाव-पत्ता कुठून घेतात?”

“नोंदणीची एक उघडी यादी असते. तिथून यंत्राने उचलतात, जसंच्या तसं.”

“जसंच्या तसं. चुकीसकट.”

“हो. म्हणून तर सगळी मेत्रालयाच्या नावाने येतात.”

घारीने मावशींनी जपून ठेवलेला वरचा भाग मेजावर पसरला. सगळे वाकले. पत्त्यात स्वच्छ, शुद्ध, बिनचूक लिहिलं होतं: नेत्रालय.

जावयाने विचारलं, “म्हणजे?”

“म्हणजे हे पत्र त्या यादीवरून आलेलं नाही. ज्याला आपलं खरं नाव सवयीने लिहिता येतं, अशा माणसाने ते केलं. नाव पत्रामुळे गेलेलं नाही. नाव आतून दिलं गेलं, आणि पत्र आलं ते मावशींच्या गळ्यात घोंगडं टाकायला. उद्या कुणी विचारलं, तर म्हणायचं की बिचाऱ्या मावशी ठगांना भुलल्या.”

“मग तो व्यापारी,” बंडू म्हणाला. “बाहेरची पाटी बघून कुणीही बरोबर लिहील.”

“लिहील ना. म्हणूनच मला या पिवळ्या कड्याचं नीट बघायचं आहे.”

ती पत्राच्या कोपऱ्यावर दादांचं भिंग धरून वाकली. आणि बराच वेळ वर उठलीच नाही.

५

कडं रंगाचं नव्हतंच. भिंगाखाली ते छपाईच्या बारीक ठिपक्यांचं निघालं. चहाचा डाग असता तर कागदात मुरला असता. शिक्का असता तर शाई फुटली असती. हे कुठल्यातरी दुसऱ्या कागदावरून छापात उतरलं होतं.

घारीने गठ्ठ्यातली पत्रं एकेक करून खिडकीच्या काचेला लावली. तळापासून जरा वर एक पत्र सापडलं. त्याच्या मागे कुणीतरी मधासारख्या फिकट पिवळ्या रंगाचं कडं काढून बघितलं होतं. रंग पातळ होता, म्हणून कागदातून पुढे उतरला होता. एका बाजूला, ब्रश उचलला तिथे, कडं तुटलेलं होतं. नकली पत्रातलं कडंही नेमकं तिथेच तुटलं होतं.

“याच मेजावरून हा कागद उचलला,” घारी म्हणाली. “संगणकात तो स्कॅन केला, मेत्रालय खोडलं, जुनी तारीख खोडली, नवा मजकूर इतका सफाईने बसवला की जोड दिसत नाही. मग कागद परत गठ्ठ्यात. व्यापारी इथे आत कधी आला होता?”

“कधीच नाही,” जावई म्हणाला. “पायरीवरूनच परत गेला.”

जावयाने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. पोराची आई आता बसमधून उतरलीही असेल.

दादांनी मुकाट्याने घारीचा डोळा तिच्या हातात दिला. तिने तो बसवला, आरशात बघितलं आणि तिथेच थांबली. तिच्या खऱ्या, डाव्या बुबुळात बाहुलीभोवती जन्मतःच एक फिकट पिवळी झाक होती. गेल्या वर्षी ताईने हा डोळा नव्याने रंगवला, तेव्हापासून या बाजूची झाक हळद सांडल्यासारखी दिसे. भिडेखातर ती काही बोलली नव्हती.

“पिवळा जास्त झालाय,” दादा मागून हळूच म्हणाले. “अलीकडे तिचं असंच होतंय. एकदा विचारलं तर अशी काही चिडली, की विचारणंच सोडून दिलं.”

घारीच्या मनात सकाळपासून सुटी पडलेली वाक्यं एकदम जागेवर बसली. मावशी म्हणाल्या होत्या शिक्का. जावई म्हणाला चहाचा डाग. बंडू म्हणाला लोगो. ज्याने ज्याने ते पत्र बघितलं, त्याला त्याला ते कडं दिसलं होतं.

एक माणूस सोडून.

“दादा,” ती म्हणाली, “माझ्याबरोबर आत चला. आणि मन घट्ट करा.”

६

घारीने ताईपुढे तीन कागद मांडले. दोन कोरे, एकावर ते तुटलेलं पिवळं कडं. खिडकीतला उजेड थेट त्यांच्यावर पडत होता.

“ताई, यातल्या कशावर रंग आहे?”

“हे काय आता?” ताई म्हणाली. “ते पोर तिकडे…”

“त्याच्याचसाठी विचारतेय. कशावर?”

ताईची नजर तिन्ही कागदांवरून गेली आणि परत आली. तिने एक कागद बोटाने पुढे सारला, थांबली, मग दुसऱ्याकडे हात नेला. दोन्ही कोरे होते.

दारातून दादा पुढे आले. “ताई,” ते म्हणाले, “तुला हे दिसत नाही?”

बाहेर जिन्यात मावशी खोकल्या.

“ज्याने ते पत्र बनवलं, तो हाताने पक्का होता,” घारी सावकाश म्हणाली. “नाव खोडलं, तारीख खोडली. मग हे कडं का ठेवलं? एका झटक्यात पुसता आलं असतं. ठेवलं, कारण ते आहे हेच त्याला कळलं नाही. तुझे रंग जातायत, ताई. फिकट पिवळा तुला पांढऱ्यावर दिसत नाही. म्हणून तू तो ब्रशवर जास्त घेतेस. माझ्या डोळ्यात बघ.”

ताईने बघितलं नाही. तिने ब्रश शांतपणे पाण्यात टाकला.

“वर्ष होऊन गेलं,” ती म्हणाली. “आधी पिवळा गेला, मग निळा मळायला लागला. सांगितलं असतं तर बाबांनी परत ब्रश हातात घेतला असता. मागे एकदा घेतला होता ना? एका मुलीचा डोळा बिघडला आणि तुम्ही, बाबा, या खुर्चीत बसून रडलात. मी दाराआडून बघितलं. तो व्यापारी म्हणाला, नाव तेवढं द्या. मापाची कामं मी चांगल्या कारागिरांकडे पाठवीन, तुम्ही फक्त नव्या मुलींना शिकवा. मला वाटलं, चोरी झाली म्हटलं की नेत्रालय आपोआप बंद होईल. कुणाचाच हात कमी पडला असं होणार नाही.”

“आणि मावशी?” घारीने विचारलं.

“वाटलं, त्यांना कोण काय म्हणणार. चूक म्हणून सोडून देतील.”

“घरी जा म्हणून सांगितलंय त्यांना, सगळ्यांसमोर. पण ते नंतर. ते पोर कुठे आहे?”

“खरंच माहीत नाही! तो अशी माणसं बोलावील हे मला…”

“तुला कुठे भेटला होता तो?”

ताई ताडकन उठली. खुर्ची मागे पडली. “नदीपलीकडे. चष्म्याच्या मोठ्या दुकानावर त्याने माळा भाड्याने घेतलाय. तिथे एक झुकती खुर्ची होती, दाताच्या डॉक्टरकडे असते तशी. मी विचारलं, ही कशाला? म्हणाला, मुलींना शिकवायला.”

जावई आधीच किल्ल्या घेऊन जिना उतरत होता, आणि उतरता उतरताच हवालदाराला पत्ता सांगत होता.

७

गाडी पुलाकडे निघाली. दादा पुढे बसले होते, गुडघ्यावर हात दाबून, थरथर थांबावी म्हणून. मागे ताई खिडकीला कपाळ टेकून होती. पुलावर गाड्या मुंगीच्या चालीने सरकत होत्या, आणि जावई हॉर्नवर हात ठेवून बसला होता. शेवटी घारीनेच दार उघडलं. “उतरा. समोरच दिसतंय दुकान. पळत जाऊ.”

माळ्याचं दार लोटलेलं होतं. आत झुकत्या खुर्चीत ते पोर आडवं पडलं होतं. इतकं लहान, की पाय खुर्चीच्या मध्यापर्यंतच पोचले होते. पट्टी निम्मी सुटली होती. हातमोजे घातलेला एक माणूस ट्रेमधल्या डोळ्यांत बोट फिरवून माप निवडत होता, आणि व्यापारी आईला गोड आवाजात सांगत होता, “थोडं रडेल, पण आज घरी जाताना दोन डोळ्यांनी जाईल.”

“हात काढा!” दादा ओरडले. त्यांना धाप लागली होती. “त्याला शिवू नका! जखम ओली आहे!”

हातमोजेवाला थांबला. व्यापाऱ्याच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. “बाई, घाबरू नका,” तो आईला म्हणाला. “नेत्रालयाच्या नावावर धंदा करणारे असे पुष्कळ फिरतात. मी पोलिसांना बोलावतो.”

आई या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत राहिली. पोराने तिचं बोट धरलं होतं. दोन्ही बाजूंना माणसं, दोन्हीकडून एकच नाव, आणि मध्ये तिचं लेकरू. मग तिने हातातला फोन वर केला, पडद्यावरच्या फोटोकडे बघितलं, दादांकडे बघितलं, पुन्हा फोटोकडे.

“पण हे तर तुम्हीच आहात,” ती दादांना म्हणाली.

दादांचा फोटो काढून टाकायची तसदी व्यापाऱ्याने घेतली नव्हती. तोच चेहरा बघून लोक विश्वास ठेवत होते. आईने एका झटक्यात पोराला उचलून छातीशी धरलं. व्यापारी ट्रे तिथेच टाकून दाराकडे सुटला. जिन्यात त्याला आधी जावई आडवा आला आणि मागोमाग हवालदार.

दादांनी खाली बसून पोराची पट्टी नीट केली. त्यांचा हात थरथरत होता, म्हणून ताईने खालून मनगट धरलं. पोर एका डोळ्याने त्या दोघांकडे बघत होतं. मग त्याने विचारलं, “मला कधी मिळणार?”

“जखम भरली की,” दादा म्हणाले. “आणि तुझ्या त्या डोळ्यासारखाच. मी आणि आणखी कुणीतरी मिळून करू. घाई नाही करायची.”

बंडूने नाव नोंदवणाऱ्या संस्थेकडे दुपारीच तक्रार लावली होती. हस्तांतर नवंच असल्यामुळे त्यांनी ते गोठवलं, आणि पुढे चौकशी होऊन नाव परत आलं. सकाळच्या त्या माणसावर इस्पितळात उपचार झाले, खोबण वाचली. पण त्या दिवशी पोलिस चौकीच्या पायरीवर यातलं काहीच कळलेलं नव्हतं. दादांनी घारीला बाजूला घेतलं.

“पोरी, आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही. तिचं नाव नको. सगळं त्या हरामखोराने केलं असं जबाबात नाही का लिहिता येणार?”

या माणसामुळेच घारी आरशात बघू शकत होती. “येईल,” ती म्हणाली. “पण मग मावशींना काय सांगू? सही त्यांची आहे, दादा. कागदावर आज चोर त्याच आहेत.”

“माझं नाव घाला,” ताई मागून म्हणाली. “सगळं घाला. आणि मग मला मावशींकडे सोडा.”

जबाब लिहून होईपर्यंत उन्हं कलली. मावशींचं घर जवळच, एका अरुंद बोळात होतं. दार त्यांनीच उघडलं. दारात ताई, मागे मान खाली घालून जावई, आणि जरा लांब घारी. ताईने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. सबब सांगितली नाही, डोळ्यांचं कारणही पुढे केलं नाही. ते जावयाने मध्येच, न राहवून सांगितलं.

मावशींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. ताई शाळेत असताना याच मावशींच्या टेबलाखाली बसून पाढे म्हणायची. त्यांचा चेहरा दगडासारखा होता. मग त्या आत गेल्या आणि दार तसंच उघडं राहिलं. आपण जावं की थांबावं, कुणालाच कळेना.

मावशी परत आल्या तेव्हा पायात चपला होत्या आणि खांद्याला पर्स.

“डोळ्यांचा दवाखाना किती वाजेपर्यंत उघडा असतो?” त्यांनी जावयाला विचारलं.

“असेल अजून,” तो म्हणाला.

“मग चल,” त्यांनी ताईचा दंड धरला. धरला कसला, आवळलाच. “आधी डोळे दाखवायचे. मला जे बोलायचंय ते मी बोलणार आहेच, सोडणार नाही तुला. पण ते ऐकताना तू माझ्याकडे नीट बघायला हवीस.”